दाबली असता वीज देणारी माती

कुंभाराचा आवा आपल्या भागाला नवा नाही. खानापूरच्या मातीची मडकी, विटा व कौले उचगाव-बेळगावच्या लोकांना चांगली परिचित आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही खानापुरातच चालविली. ओली माती पाण्यात विरघळते, पण तीच एकदा नीट भाजली की तिचे कण एकमेकांस चिकटून बसतात व ती पाण्याला दाद देत नाही, हे आपल्या वाडवडिलांना पूर्वापार ठाऊक होते. आजचे मृत्तिकाशास्त्र याच पायावर उभे आहे. फरक इतकाच की, प्रयोगशाळेतील 'माती' ओढ्याकाठची नसून ती निवडक धातूंच्या शुद्ध भस्मांपासून तयार केलेली असते.

अशा मातीपैकी बेरियम टायटेनेट ही एक महत्त्वाची होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया व जपान या तिन्ही देशांतील संशोधकांना तिचे गुण स्वतंत्रपणे आढळून आले. जो पदार्थ वीज वाहू देत नाही, परंतु विजेच्या ताणाखाली आपल्या अंगी विद्युत्‌भार साठविण्यास मदत करतो, त्यास विद्युत्-अपारक म्हणतात. ही मदत मोजण्याचा एक अंक आहे. हवेसाठी तो सुमारे १, अभ्रकासाठी ६ च्या आसपास, तर बेरियम टायटेनेटसाठी हजाराच्याही वर जातो. म्हणूनच पूर्वी सुपारीएवढी जागा घेणारे विद्युत्-धारक आज तिळाहून लहान झाले असून भ्रमणध्वनीच्या एका यंत्रात असे शेकडो धारक बसतात.

असे का होते? या पदार्थाचा प्रत्येक सूक्ष्म स्फटिक म्हणजे अगणित चौकोनी खोल्यांची चाळ समजावी. प्रत्येक खोलीच्या मधोमध टायटेनियमचा एक अणू असतो. सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर तो बरोबर मध्यावर राहतो. तपमान त्याखाली उतरले की तो किंचित एका बाजूस सरकतो. त्यामुळे खोलीची एक बाजू धन व दुसरी ऋण होते.

मात्र भाजलेल्या वडीत असंख्य कण वाटेल त्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, आणि एकाचा परिणाम दुसरा खोडून काढतो. जत्रेत रथाला शंभर माणसे भिडली, पण ज्याने त्याने आपल्याला हवे तिकडे ओढले, तर रथ जागचा हलत नाही. सर्वांनी एकाच दोराला हात घातला तरच तो चालतो. संशोधक हेच करतात. वडीच्या दोन्ही अंगांस चांदीचा लेप देऊन ती तापलेल्या तेलात ठेवतात, दर मिलिमीटर जाडीमागे दोन-तीन हजार व्होल्टचा दाब देतात व तो दाब कायम ठेवून वडी निववितात. कणांना लागलेली शिस्त मग बव्हंशी टिकते. पुन्हा अति तापविली तर मात्र ती मोडते.

शिस्त लागलेली ही वडी दाबली की तिच्या दोन बाजूंवर विद्युत्‌भार प्रकट होतो. यास दाबविद्युत् म्हणतात. फ्रान्समधील झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० साली स्फटिकांमध्ये हा गुण प्रथम दाखविला. स्वयंपाकघरातील ठिणगीच्या लायटरात स्प्रिंगची हातोडी अशाच वडीवर आपटते आणि क्षणभर हजारो व्होल्ट निर्माण होऊन ठिणगी उडते. उलट, वीज दिली असता वडी आक्रसते व प्रसरण पावते. सोनोग्राफीत ती सेकंदास लक्षावधी वेळा कंप पावून ध्वनी शरीरात सोडते आणि परतलेला प्रतिध्वनी तीच टिपते.

या विषयावरील काम आपल्यापासून दूर, परदेशीच चालते असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बी. के. चौगुले व त्यांचे विद्यार्थी यांनी दाबविद्युत् मातीत फेराइट हा चुंबकीय पदार्थ मिसळून संशोधन केले. चुंबकक्षेत्रात फेराइटचे कण किंचित आकार बदलतात. शेजारच्या कणांवर त्याचा दाब पडतो आणि वीज उत्पन्न होते. म्हणजे चुंबकाची खूण विजेच्या भाषेत वाचता येते. सांगावयास हे सोपे, करावयास कठीण. भट्टीत दोन्ही पदार्थ एकमेकांस चिकटावेत, पण त्यांच्या संयोगाने तिसराच पदार्थ होता कामा नये. शिवाय फेराइट वीज काहीशी वाहू देतो. तो जास्त झाला तर कणांना शिस्त लावण्यासाठी दिलेला विजेचा दाब टिकत नाही. म्हणून प्रमाण बदलून वड्या पुनःपुन्हा भाजाव्या, क्ष-किरणांनी तपासाव्या व मोजाव्या लागतात. वर्षानुवर्षांची चिकाटी यात खर्ची पडते.

आणखी एक अडचण मोठी आहे. सर्वांत गुणी ठरलेल्या लेड झिर्कोनेट टायटेनेट या मातीत शिसे असते. भट्टीत त्याची वाफ होऊन उडते, आणि ते विषारी आहे. कामगारांस व लहान मुलांस त्याचा अपाय विशेष. म्हणून पोटॅशियम, सोडियम व नायोबियम यांच्या बिनशिशाच्या मातीचा शोध जगभर चालू आहे. सर्व बाबतींत शिशाची जागा घेईल अशी माती अद्याप हाती आलेली नाही.

तेव्हा काम शिल्लक आहे, आणि ते आपल्या मुलामुलींनी का करू नये? काशी हिंदू विश्वविद्यालयात मृत्तिकाशिल्पाचे शिक्षण १९२४ पासून चालत आले आहे. कोल्हापूर तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांची पक्की तयारी ही त्याची पहिली पायरी. हातात माती घेणाऱ्याला कमी लेखण्याची सवय मात्र आपण घरातूनच सोडली पाहिजे. आव्यातील आच ओळखणारा कुंभार आणि भट्टीचे अंश मोजणारा प्राध्यापक हे एकाच विद्येचे उपासक आहेत.