बाजाराचा रस्ता कोणता?



नोकरी सुटते, हक्काची बढती दुसऱ्याला मिळते, भागीदार हात वर करतो, दुकानाचे शटर कायमचे खाली येते. अशा वेळी खिसा रिकामा होण्याआधी माणसाची मान खाली जाते. सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाहेर पडणारे, दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतणारे आणि घरात काहीच कळू न देणारे बंधू आपल्या वस्त्यांत आहेत. नुकसान उपजीविकेचे झालेले असते. त्यांना मात्र आपली इज्जतच गेली असे वाटते. हा समज योग्य आहे काय? सहाबांच्या जीवनात त्याचे उत्तर शोधू या.

हजरत सुहैब रूमी (रजि.) मक्केत परके म्हणून आले आणि कष्टाने धनवान झाले. हिजरतीच्या वेळी कुरैशांनी त्यांना अडविले. आमच्या शहरात कमावलेली संपत्ती घेऊन जाऊ देणार नाही, असे बजावले. त्यांनी सारी संपत्ती देऊन वाट मोकळी करून घेतली. आदरणीय पैगंबर (स.) यांनी हा सौदा नफ्याचा ठरविला.

याच सुहैब (रजि.) यांचा एक प्रसंग इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात आहे. ते पैगंबरांपाशी आले तेव्हा समोर भाकरी व खजूर होते. बोलावल्यावर ते खजूर खाऊ लागले. डोळे आलेले असताना खजूर खातोस? असे पैगंबरांनी विचारले. सुहैब (रजि.) म्हणाले, मी दुसऱ्या बाजूने चावतो आहे! पैगंबर (स.) यांनी स्मित केले. ज्याने आयुष्याची कमाई गमावली होती, त्याचा विनोद मात्र कुणालाही हिरावता आला नव्हता.

दुसरे उदाहरण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे. मक्केचा हा व्यापारी मदिनेत आला, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. वाळवलेले दही आणि तूप यांच्या खरेदी-विक्रीपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. काल काय होतो याचा हिशेब त्यांनी तराजूत घातला नाही.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, दुःख होणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. पुत्रवियोगाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाले, असे सूरह यूसुफमध्ये आले आहे, परंतु त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपाशीच मांडले. सहीह मुस्लिममधील हदीसची शिकवण अशी की, जे हिताचे आहे त्यासाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी, हतबल होऊ नये आणि संकटानंतर 'असे केले असते तर' म्हणत बसू नये. कारण त्या 'तर'मधूनच सैतानाला वाट मिळते.

दुसरी, सब्र म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. थकलेला पगार, कायदेशीर देणी सनदशीर मार्गाने अवश्य मागावीत. सब्र म्हणजे मनाचा तोल सांभाळून पुढचे पाऊल टाकणे.

तिसरी, विनोदालाही मर्यादा आहे. पैगंबर (स.) थट्टा करीत, पण सत्यच बोलत. स्वतःच्या अडचणीवर हसावे. साहेबाची नक्कल करून, सहकाऱ्याला टोपणनाव ठेवून मन हलके करू नये. सूरह हुजुरातने एकमेकांची टर उडविण्यास मनाई केली आहे.

आता घरातील मंडळींसाठी एक शब्द. काही दिवसांनी अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधाचा डाग दिसला, तेव्हा पैगंबरांनी लगेच चौकशी केली. निकाह झाल्याचे कळताच, एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. आपल्या माणसात झालेला बदल असा आपुलकीने टिपला गेला पाहिजे. घरी टोमणा नव्हे, विचारपूस मिळेल याची खात्री असेल, तर कोणालाही रिकामा डबा घेऊन खोटे परतावे लागणार नाही.

म्हणून, बंधूंनो, आज संध्याकाळी खरे सांगून टाका. आणि उद्या फजरनंतर बाजाराचा रस्ता विचारा.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि प्रसन्न मन देवो. आमीन.