धसकटातला गोल्फ

परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, दिवाळीपासून किट माळ्यावर पडलंय. नांदेडात गोल्फ खेळायचा तरी कुठं?" मी हसून विषय बदलला, कारण तुझी मामी शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि तिच्यासमोर या विषयावर बोलणं मला परवडत नाही. पण सांगायचं होतं ते पोटातच राहिलं, म्हणून लिहितोय. मी हा खेळ हैदराबादेत नोकरीला असताना साहेबाच्या नादानं शिकलो. निवृत्त होऊन लातूरला आलो तेव्हा मलाही वाटलं होतं, संपलं आता. झालं उलटंच. हैदराबादेत मैदानापासून अर्ध्या तासावर राहून महिन्यातून एकदा कसाबसा जायचो. आता हातात रोज दांडा असतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं मैदान व्हावं ही इच्छाच काढून टाक. अठरा होलच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला काही लाख लिटर पाणी लागतं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाखांची. ते सगळ्या शहराचं पाणी. आम्ही तेव्हा भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालत होतो. ज्या गावानं रेल्वेनं पाणी आणून तहान भागवली, त्या गावात हिरवळीवर फवारे उडताना बघून मला तरी टी रोवायची लाज वाटेल. पाण्याची ओरड असलेल्या ठिकाणी आपल्या देशात पूर्वी हिरवळीऐवजी तेल मारलेल्या वाळूवर पट मारायचे. त्याला 'ब्राऊन' म्हणायचे. तेव्हा हिरवं नाही म्हणून खेळ नाही, हे काही खरं नव्हे. आणि मैदान असलं म्हणजे खेळणं होतंच असंही नाही. नाशिककर रोज पहाटे 'गोल्फ क्लबवर' जातात. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजीचे सामने झाले, म्हातारेकोतारे फेऱ्या मारतात, पोरं पळतात. गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही.

आता हिशोब बघ. पार 72 म्हणतात, त्यात 36 फटके पटचे धरलेले असतात, दर होलला दोन. म्हणजे अर्धा खेळ जमिनीवरून लोळणाऱ्या चेंडूचा. त्याला ना मैदान लागतं, ना हैदराबाद. आपल्या जुन्या घरातली शहाबादी फरशी आठव. गवंड्यानं माजघरापासून मोरीकडं उतार दिलाय, धुतलेलं पाणी आपोआप जावं म्हणून. त्या उतारानं मला जे शिकवलं ते कुठल्या कोचनं शिकवलं नाही. मोरीच्या दिशेनं मारलास की चेंडू सुसाट जातो, उलट मारलास की अर्ध्यात दम टाकतो, आडवा मारलास की वळून पुन्हा मोरीतच. तुझ्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर चेंडू थांबायचाच नाही, तिथं सतरंजी अंथर. चार घड्या पडलेली जुनी सतरंजी उत्तम, घडीवर चेंडू कसा बिचकतो ते कळतं. पुढं पाणी प्यायचा पेला आडवा ठेव. होलचं तोंड 108 मिलिमीटर असतं, पेल्याचं जेमतेम सत्तर-ऐंशी. महिनाभर पेल्यात घातलेस की मैदानावरचं भोक घागरीच्या तोंडाएवढं दिसायला लागतं.

वेळ नाही म्हणू नकोस. चहा उकळेपर्यंत दहा पट होतात. पण पटर हाताशी पाहिजे. किट माळ्यावर टाकलंस तिथंच तू चुकलास. माळ्यावर गेलेल्या वस्तूचं लग्नात आलेल्या डिनर सेटसारखं होतं, पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणत पिढी जाते. पटर चपलांच्या रॅकशेजारी उभा कर, छत्रीसोबत.

चिपसाठी लहानपणीची विटी आठव. खळगीवर आडवी ठेवून दांडूनं कोलायचो, ती कशी उचलली जायची? मनगटाच्या जोरानं नाही, खालून अलगद घातलेल्या दांडूनं. ग्रीनच्या कडेवरून मारायचा चेंडू म्हणजे तेच कोलणं. तुमच्या बिल्डिंगच्या अंगणात काथ्याचं पायपुसणं टाक, त्यावर चेंडू ठेव, पंधरा पावलांवर भाजीची टोपली, आणि कोलत बस. गच्चीवर करायचं तर भोकं असलेले प्लास्टिकचे चेंडू आण. हे मी अनुभवानं सांगतो. मी एकदा खरा चेंडू कोलला आणि शेजाऱ्यांच्या सोलरची काचेची नळी गेली. नळी नवी बसवून दिली, पण तेव्हापासून मी गच्चीवर दिसलो की ते वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा लक्ष ठेवतात.

पूर्ण स्विंगचं मात्र घाईनं करू नकोस. सात नंबरचा लोखंडी दांडा घे आणि चेंडू न ठेवता रोज वीस वेळा सावकाश फिरव. खांदे फिरले पाहिजेत, मान नाही. हे तुला मी काय सांगायचं, तू दवाखान्यात दिवसभर लोकांचे खांदेच बघतोस. चेंडू मारायचाच असेल तर शेतीच्या दुकानातलं शेडनेट आण, दुहेरी करून टांग. बांधताना ताणू नकोस. ताणलेली जाळी चेंडू तुझ्याच नडगीवर परत पाठवते. सैल सोड, खालच्या कडेला वाळूच्या पिशव्या ठेव, म्हणजे ती चेंडू पोटात घेते आणि खाली सोडते. माझी जाळी आता तीन पावसाळे टिकली आहे.

आता खरी गोष्ट, रान. मोठा फटका मोकळ्यावरच मारावा आणि मोकळं आपल्याकडं भरपूर आहे, फक्त ते कधी मोकळं असतं हे शेतकऱ्याच्या पंचांगानं बघावं लागतं. पावसाळ्यात रानात पाय टाकू नकोस. काळी माती बुटाला अशी लागते की दहा पावलांत दोन्ही पायांत पाटे-वरवंटे बांधल्यासारखं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं. तेव्हा जमीन मोकळी दिसते, पण लोक लगेच हरभऱ्याच्या तयारीला लागतात. मिळाले तर आठ-पंधरा दिवस मिळतात, तेही धसकटांचे. सोयाबीनचं धसकट ट्रॅक्टरच्या टायरात घुसतं, तुझ्या त्या नक्षीदार पातळ बुटांचं काय घेऊन बसलास. जाड तळाचे बूट घाल. खरा हंगाम हरभरा निघाल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून नांगर लागेपर्यंत. जमीन कडक, ओल गेलेली, भेगा अजून उघडलेल्या नाहीत, सकाळी गारवा. त्या पाच-सहा आठवड्यांत जो खेळला तो खेळला. एकदा नांगरट झाली की ढेकळांत चेंडू ठेवायलाही जागा राहत नाही. न नांगरलेल्या रानाची गत वेगळी. एप्रिल-मेमध्ये काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात की चेंडू टप्पा खाऊन सरळ आत. मनगटापर्यंत हात घातला तरी लागत नाही. विंचवाच्या भीतीनं मी आता हात घालतच नाही. जमिनीनं गिळला म्हणायचं आणि दुसरा काढायचा. पुढच्या वर्षी नांगराला निघतो कधीकधी, पिवळा पडून.

उन्हाळ्यात मुरमाड माळच बरा. बालाघाटाच्या माळावर गवत वाळून गेलेलं असतं, चेंडू टणटण उड्या मारत पुढं जातो आणि आपण फार लांब मारला असा समज होतो. असू दे तो समज, या वयात तेवढाच आधार. दांड्याला मात्र मुरमाचे ओरखडे पडतात, म्हणून माळावर जुना दांडा न्यावा आणि चेंडू काथ्याच्या तुकड्यावर ठेवून मारावा. तुमच्या नांदेडकडं जरा वेगळं आहे. तिकडं कापूस. काळ्या रानात पांढरा चेंडू लांबून चमकतो, पण फुटलेल्या बोंडांत तो गेला की बोंडासारखाच. भगवे किंवा पिवळे चेंडू घे. अर्धापूरच्या केळीच्या बागेत गेलेला चेंडू कुठल्याच रंगाचा सापडत नाही, तिकडं पाठ करून उभा राहा.

ज्याचं रान त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हा चेंडू सेहेचाळीस ग्रॅमचासुद्धा नसतो, पण नीट बसला तर शे-दीडशे मीटरवर माणसाचं डोकं फोडेल. समोर माणूस, गुरं, शेळ्या, कुणीही असलं की दांडा खाली. शेळीला लागला तर शेळी विकत घ्यावी लागेल आणि वर ती गाभण होती असं ऐकावं लागेल.

एक आठवण सांगतो. माळावर शेळ्या राखणारं एक पोरगं रोज बघत उभं राहायचं. एक दिवस म्हणालं, "आजोबा, मी मारू का?" मी दांडा पुढं केला तर त्यानं स्वतःच्या हातातल्या बाभळीच्या काठीनंच मारला. माझ्या पुढं गेला. मला राग यायला हवा होता, पण त्याच्या कमरेचं वळण बघत राहिलो. दिल्लीचा अली शेर कॅडीचं काम करत शिकला आणि 1991 साली इंडियन ओपन जिंकला. तोवर ती स्पर्धा कुणा भारतीय व्यावसायिकानं जिंकली नव्हती. हातात लहानपणापासून काठी असणं ही काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो पोरगा चेंडू गोळा करतो आणि मी त्याला दहा-वीस फटके मारू देतो. वह्या-पुस्तकांचं माझ्याकडं. हे मामीला माहीत आहे, त्यावर तिची तक्रार नाही.

आता खऱ्या हिरवळीचं. ती वर्षातून चारदा मिळाली तरी पुष्कळ, पण ठरवून. नुसत्या खेळासाठी जाईन म्हटलंस की कधीच जाणार नाहीस. कामाला खेळ जोड. तुझी सासुरवाडी हैदराबादेत, परिषदा तिथंच, बायकोची लग्नसराईची खरेदीही तिथंच. देवगिरी धर, नाहीतर गाडीनं जा, आणि एक सकाळ गोलकोंड्यासाठी राखून ठेव. नया किल्ल्याच्या तटबंदीत मैदान आहे. तिथंच तो 'हत्तियान का झाड' म्हणतात तो गोरखचिंचेचा बुंधा, पंधरा-वीस माणसांनी फेर धरावा असा. मी चेंडूपेक्षा त्याच्याकडंच बघत बसायचो, स्कोअर त्यामुळं बिघडला असं म्हणायला सोपं पडतं. पुण्याला पोरीकडं जायचं असेल तर रात्रीची ट्रॅव्हल्स पकड, पहाटे उतरतोस, आंघोळ-चहा करून येरवड्याच्या मैदानाकडं. पाहुण्यांना कुठं सदस्याची ओळख लागते, कुठं हँडिकॅपचा दाखला मागतात, म्हणून आधी फोन करून विचार. सुट्टीचा दिवस टाळ. मधल्या वारी बहुतेक ठिकाणी गर्दी कमी आणि पैसेही कमी. आणि अठराचा हट्ट नको. अठरा म्हणजे चार-साडेचार तास, घरी जाऊन सगळ्यांची तोंडं बघावी लागतात. नऊ होल दोन तासांत होतात, त्यांचा स्कोअरही हँडिकॅपला धरतात.

पैशाचं आणि सोबतीचं एकाच दोरीत बांध. आम्ही चौघांनी भिशी लावली आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि लागेल त्यानं पैसे घरी न नेता चौघांना खेळायला न्यायचं, असा नियम. बायका भिशीला नाही म्हणत नाहीत, हा त्यातला गाभा. पैसे भरलेले असले की पाऊस, पाहुणे, गुडघा असली कारणं आपोआप गळतात. एकट्यानं ठरवलेलं मात्र दुसऱ्या सकाळी पांघरुणातच राहतं.

आणि सामान घेत सुटू नकोस. चौदा दांडे ठेवायची मुभा आहे, सक्ती नाही. पाच नंबरचा वूड, सात नंबर, वेज आणि पटर, एवढ्यावर माझं दहा वर्षं भागलं. तुझ्या त्या नव्या ड्रायव्हरची किंमत तू मला सांगितलीस ती मी अजून मामीला सांगितलेली नाही.

हरभरा आता निघालाय. रविवारी लोह्यावरून अहमदपूरला ये, मी चाकूरकडून येतो, दोघांनाही सारखंच पडतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला माझ्या मित्राचं रान आहे, विचारून ठेवलंय. साडेसहाला पोच, आठनंतर ऊन लागतं. जाड बूट, पाण्याची बाटली, भगवे चेंडू. मामीला मी अहमदपूरला जमीन बघायला जातो म्हणून सांगितलंय, आणि चेंडू शोधताना जमीनच बघावी लागते.