ताप लपवू नको म्हणावं त्याला

अगं, फोनवर पोराचा खोकला ऐकलास आणि रात्रभर जागी राहिलीस, ते तुझ्या डोळ्यांवरून दिसतंयच. बस आधी. चहा घे. आणि ती पॅनाडोलची पिशवी जरा बाजूला ठेव, तिच्याबद्दल मला बोलायचंच आहे.

तुझा लेक गेलाय त्या बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, पोरं आजारी पडतात का? पडतात. जिथं जिथं रंगरूट भरती होतात तिथं सगळीकडेच पडतात. आपापल्या गावची सर्दी घेऊन शंभर ठिकाणची पोरं एका बराकीत येतात, खाटेला खाट लागून झोपतात, एकाच नळावर तोंडं धुतात. त्यात पहाटेचं उठणं, अपुरी झोप, दिवसभर घाम आणि बेळगावचा पाऊस. मोजे वाळत नाहीत, बोटांच्या बेचक्या चिघळतात. माझा भाऊ हवालदार होऊन निवृत्त झाला, काही वर्षं रंगरुटांचा उस्ताद होता. तो म्हणायचा, सुरुवातीला एकानं खोकायला सुरुवात केली की आठवड्यात अख्खी बराक खोकते. अमेरिकेच्या सैन्याला तर हा बराकीतला ताप इतका छळायचा की 1971पासून ते रंगरुटांना अ‍ॅडेनोव्हायरसची लस द्यायला लागले. 1999मध्ये लस मिळेनाशी झाली, ताप पुन्हा आला, शेवटी 2011मध्ये लस परत सुरू करावी लागली. म्हणजे तुझा लेक नाजूक म्हणून खोकत नाही. आजीनं लाडावून ठेवला म्हणूनही नाही. सासूबाईंना फोन करून ते बोलली असशील, तर आज परत फोन कर आणि गोड बोल.

खोकल्याची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती तुझ्या लेकाच्या स्वभावाची. तो सांगणार नाही.

एक गोष्ट सांगते, दूरची आहे पण ऐक. 1976च्या फेब्रुवारीत अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत फ्लू पसरला. एक तरणाबांड रंगरूट तापानं फणफणला होता. त्याला आराम करायला सांगितलं होतं. तरी तो उठला आणि रात्रीच्या पायी कूचला सगळ्यांबरोबर निघाला. वाटेत कोसळला आणि गेला. मागून कळलं की तो डुकरांकडून आलेल्या फ्लूचा विषाणू होता आणि छावणीत आणखी दोनेकशे पोरांना त्याची लागण झाली होती. ती बहुतेक सगळी बरी झाली. विषाणू तोच गं. हा मात्र अंथरुणातून उठून चालायला गेला होता.

म्हणून ती पॅनाडोल पाठवू नकोस. इथं दुबईत, मनखूलमध्ये दर कोपऱ्यावर फार्मसी, आपल्याला सवयच लागलीय; डोकं दुखलं, दोन गोळ्या. पण तुझा लेक त्या गोळ्या खाऊन काय करेल, सांग बरं? ताप उतरवेल आणि पाच किलोमीटर धावायला उभा राहील. गोळीनं ताप दिसेनासा होतो, आजार आत तसाच असतो. तापातून नुकत्याच उठलेल्या, झोप न झालेल्या अंगाला पळवलं की उष्माघाताचा धोका वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घामही कमी येतो. आणि ते जिममधले डबे, पळायच्या आधी प्यायची पावडर, एनर्जी ड्रिंकचे कॅन, ह्यातलं काही कुणाच्या हाती धाडू नकोस. मेतकूट पाठव हवं तर. अल अदिलच्या दुकानात मिळतं.

उष्माघात म्हटल्यावर तू म्हणशील, बेळगाव थंड गाव, दुबईसारखं कुठं आहे? इथं तर 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानंच बंदी आहे. खरंय. पण पळणाऱ्या पोराची उष्णता बाहेरून येत नाही, ती त्याच्याच स्नायूंत तयार होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, पाठीवर ओझं, अंगात जाड कपडे, मग गार गावातही अंग आतून तापतं. तुझा नवरा साइटवर फोरमन आहे ना? त्यालाच विचार. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भर उन्हात लावत नाहीत, अंगाला सवय व्हायला दहा-चौदा दिवस जातात, हे त्याला कुठल्याही डॉक्टरइतकं ठाऊक आहे. बाप-लेकात बोलणं कमी आहे म्हणतेस. ह्या विषयावर बोलायला लाव की त्यांना. नुसतं साधं पाणी लोटाच्या लोटा पिणंही बरं नाही, मीठसाखरही लागते, हे बापाच्या तोंडून ऐकलं तर तो ऐकेल. तुझं तर त्यानं गेल्या तीन वर्षांत काही ऐकलेलं दिसत नाही.

आता खऱ्या काळजीच्या खुणा सांगते, त्या त्यालाही सांग आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या बडीलाही सांगायला लाव. आजाऱ्याला आपलं आपल्याला कळत नाही, शेजाऱ्याला कळतं. पळताना कुणी बरळायला लागला, अडखळला, विचारलं त्याचं भलतंच उत्तर दिलं, तर त्याला आधी सावलीत घ्यायचा, कपडे सैल करायचे, भरपूर गार पाणी ओतायचं आणि ओरडून मदत बोलवायची. तापाबरोबर मान ताठली, उजेड सोसेना, अंगावर जांभळे डाग उठले, तर सकाळची वाट बघायची नाही. दाटीवाटीच्या बराकीत मेंदूज्वराची भीती असते. आणि खूप रगडा झाल्यावर लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर ते स्नायू तुटून किडनीवर आल्याचं लक्षण असू शकतं. नडगीचं एकाच जागचं दुखणं रोज वाढत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. ह्यातलं काहीही झालं तर एमआय रूम, म्हणजे छावणीतला दवाखाना, गाठायची. तिथले डॉक्टर गरज पडली की एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला पाठवतात. बाकी साधी सर्दी, पायाचे फोड, हे होणारच. त्यापायी त्यानं रडू नये, तूही रडू नये.

पण पोरं एमआय रूमला जात का नाहीत, ते मला भावानं सांगितलंय. सिक रिपोर्ट केला की सोबती कामचोर म्हणतील, ही एक लाज. दुसरी भीती रेलिगेट होण्याची. फार दिवस ट्रेनिंग बुडालं तर मागच्या बॅचमध्ये टाकतात. आणि अग्निवीर योजना आल्यापासून तिसरी भर पडलीय: चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होणार, मग माझ्या नावापुढं आजारपण कशाला? एकोणीस वर्षांच्या पोराचा हा हिशोब मला कळतो. पण तो चुकीचा आहे, आणि हे त्याला तुझ्यापेक्षा कठोर आवाजात कुणीतरी सांगायला हवं. दुखणं कागदावर नसेल तर उद्या ते नोकरीतच झालं हे दाखवणार कसं? अग्निवीराला अपंगत्व आलं तर 50, 75 किंवा 100 टक्क्यांप्रमाणे 15, 25 किंवा 44 लाख मिळतात, पण ते सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं ठरलं तरच. ते ठरवायला कागद लागतो. एनडीएसारख्या अकादम्यांतून दुखापतीमुळे घरी पाठवलेल्या कॅडेटांचे हाल एवढे झाले की 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ते अधिकारी व्हायला गेलेले, त्यांचे नियम वेगळे, तरी ह्यातून घ्यायचं ते घे. चिठ्ठी फाडायची नाही, फोटो काढून ठेवता आला तर ठेवायचा, नाहीतर तारीख तरी वहीत लिहायची.

मेली ही नोकरीच धोक्याची, असं म्हणू नकोस. साताऱ्याची आहेस. तुमच्या तिकडच्या अपशिंगे मिलिटरीतून पहिल्या महायुद्धात गेलेली 46 माणसं परत आली नाहीत. त्याच युद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या, तेव्हा गोळ्यांइतकंच उपासमारीनं आणि स्कर्व्हीनं माणसं खंगली. त्यांच्या आयांना महिनोन्महिने पत्रही नव्हतं. तुला निदान रविवारी फोन येतो. आणि 2022पासून इथंही रविवारची सुट्टी, म्हणजे फोन घ्यायला मोकळी असतेस.

तिकडे पाच वाजले की आपल्याकडे साडेतीन. फोन आल्यावर ‘बरा आहेस ना?’ असं विचारूच नकोस, त्याला ‘हो’ एवढंच म्हणावं लागतं. ‘ह्या आठवड्यात कोण कोण एमआय रूमला गेलं?’ असं विचार. दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं सांगतो बघ. आणि एकदा स्पष्ट म्हण, रेलिगेट झालास तरी आम्हाला चालेल. हे वाक्य आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय पोरं एमआय रूमची पायरी चढत नाहीत. कंपनी कमांडरला ऊठसूट फोन लावायचा नाही, लेकाची थट्टा होते. पण दोन रविवार फोनच आला नाही, किंवा आवाज ओढलेला वाटला, तर बापानं केंद्राला सरळ फोन करून विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, ट्रेनिंग संपतानाच्या कसम परेडसाठी ते स्वस्तातलं तिकीट बघून ठेवलंयस म्हणालीस ना, गोव्याला उतरून चोर्ला घाटानं जायचं? ते पैसे परत न मिळणारं तिकीट आहे. घेऊ नकोस. दोन-चारशे दिरहम जास्त गेले तरी तारीख बदलता येईल असंच घे.