देखभालीचे वेळापत्रक आणि सुट्या भागांचा साठा

यंत्र दुरुस्तीवाचून पडून राहिले, की पहिला ठपका बहुधा भांडारावर येतो. भाग मागितला तेव्हा तो हाती नव्हता, अशी कारागिरांची तक्रार असते. मागणी आगाऊ कळलीच नव्हती, असे भांडारपालाचे उत्तर असते. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. दोष असतो तो दोघांच्या वह्यांचा परस्परांशी मेळ नसण्यात.

रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे उदाहरण घ्यावे. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ साली ज्या जातीची इंजिने बाहेर पडू लागली, ती २,६०० अश्वशक्तीची असून प्रत्येकात १६ सिलिंडर होते. मोठ्या फेरदुरुस्तीत सर्व सिलिंडरांचे पिस्टन-रिंगांचे संच एकदमच बदलावयाचे, असे धरावे. समजा, एका शेडमध्ये वर्षाकाठी अशी ९ इंजिने येतात. म्हणजे वर्षाची गरज १४४ संचांची, दरमहा सरासरी १२. भांडारपालाने सावधगिरीने दोन महिन्यांचे २४ संच ठेवले. आता एकाच महिन्यात ३ इंजिने आली, तर लागतील ४८. पहिले पुरे होईल, दुसरे अर्ध्यावर अडेल आणि तिसरे खोललेलेच राहील. वहीत मात्र साठा पुरेसा दिसेल! वास्तविक १२ संच कोणत्याच महिन्यात खर्च होत नाहीत. खर्च होतो तो सोळाच्या पटीत.

ही मागणी मुळात अनपेक्षित नाहीच. कोणते इंजिन केव्हा यावयाचे, हे कित्येक महिने आधी ठरलेले असते. तेव्हा सरासरी काढीत बसण्यापेक्षा ते वेळापत्रकच भांडाराकडे धाडावे. भाग मिळण्यास ४ महिने लागत असतील, तर मागणी त्याहून आधी नोंदवावी. वेळापत्रक पुढे ढकलले, तर तेही त्याच दिवशी कळवावे. घोटाळा होतो तो बहुधा येथेच.

अवचित मोडणाऱ्या भागांना मात्र संभाव्यतेचे गणित लावावे लागते. नवे नग येईपर्यंतच्या काळात एखाद्या भागाचे सरासरी २ नग लागतात, आणि एका मोडतोडीचा दुसरीशी संबंध नाही, असे धरले, तर फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या सूत्राने उत्तर मिळते. २ नग ठेवल्यास १०० पैकी सुमारे ३२ वेळा तूट पडेल. ४ ठेवल्यास सुमारे ५ वेळा. किती तूट सोसावी, हे सूत्र सांगत नाही. भागावाचून इंजिन उभे राहते की नुसता एक दिवा विझतो, यावर ते ठरते.

या दोन प्रकारांमधील सीमा थोडी सरकवता येते. वंगणतेलाचा नमुना वर्णपटाच्या साहाय्याने तपासला, तर त्यात उतरलेल्या धातूंचे प्रमाण कळते. तांबे वाढत गेले, तर बेअरिंग किंवा बुश झिजत असल्याचा संशय येतो. इंजिन अद्याप धावत असते, तोच भाग मागवता येतो. मात्र त्यासाठी अहवालाची एक प्रत भांडारातही पोचली पाहिजे.

अडल्या वेळी कारागीर उभ्या इंजिनाचा भाग काढून दुसऱ्यास बसवतात. वेळ निभावते, पण एका भागासाठी दोनदा खोलाखोल होते. शिवाय ती गरज कोठेच न नोंदल्यामुळे पुढचा अंदाजही चुकतो. म्हणून असा काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी भांडाराच्या वहीत मागणी म्हणून लिहावयाचा असतो.