अमेरिकेत पहिला सायलेन्सर घेताना

टेक्साससारख्या राज्यात सकाळी दुकानात जाऊन साधी रायफल घ्यावी आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ती घरी यावी, हे सहज घडते. त्याच रायफलीच्या नळीच्या टोकाला बसणारे वीतभर लांबीचे धातूचे नळकांडे, म्हणजे सायलेन्सर, मात्र केंद्र सरकारची लेखी मंजुरी येईपर्यंत दुकानातच राहते. ह्यूस्टन, डॅलस, फीनिक्स, अटलांटा अशा शहरांत स्थिरावलेल्या आणि आता नेमबाजीकडे किंवा रानडुकरांच्या शिकारीकडे वळलेल्या मराठी मंडळींना हा फरक ठाऊक नसतो. म्हणून सायलेन्सर घेण्याचा क्रम सविस्तर लिहितो आहे.

सायलेन्सर घ्यावा तो कानांसाठी. मध्यम आकाराच्या रायफलीचा बार 160 डेसिबलच्या आसपास जातो. 140 डेसिबलच्या वर एका धमाक्यानेही कान कायमचे अधू होऊ शकतात, कारण आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चांगला सायलेन्सर यातले 20 ते 35 डेसिबल कमी करतो. सिनेमातला तो 'फुस्स' आवाज प्रत्यक्षात येत नाही. गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका राहतोच. तेव्हा सायलेन्सर लावूनही कानात बोळे किंवा कानांवर मफ हवेतच. दोन्ही मिळून खरे संरक्षण होते.

1909 मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने सायलेन्सरचे पेटंट घेतले. मशिनगन शोधणाऱ्या हायरम मॅक्सिमचा तो मुलगा. पंचवीस वर्षे ही वस्तू खुलेआम विकली गेली. मग 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने तिला मशिनगनच्या पंगतीला बसवले, प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली. वस्तूच्या किमतीच्या कैकपट असलेला तो कर त्या काळी लोकांना परावृत्त करण्यासाठीच होता. आकडा नव्वद वर्षे तसाच राहिला. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्याने सायलेन्सरवरचा कर शून्य केला आणि 1 जानेवारी 2026 पासून ही सूट लागू झाली. इथेच अनेकांची गल्लत होते. गेला तो फक्त कर. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, नोंदणी, हे सगळे जागच्या जागी आहे.

सगळ्यात आधी स्वतःचे स्टेटस तपासा

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सायलेन्सर ही स्वतःच एक 'बंदूक' आहे. तो नुसता कपाटात असला, शेजारी एकही रायफल नसली, तरी बंदूक बाळगल्याचे सगळे नियम लागतात. आणि एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण त्या अरुंद फटीतून सायलेन्सर घ्यायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लोकांची खरी अडचण वेगळीच असते. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षे गेलेली, आय-140 (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची याचिका) मंजूर झालेली, घर घेतलेले, मुले इथे जन्मलेली. मनाने माणूस इथला झालेला असतो, पण कागदावर तो अजून एच-1बीवरच असतो. कायदा कागद बघतो. अशा माणसाने मित्राच्या हौसेखातर रेंजवर त्याची रायफल हातात घेणेही 'बाळगणे' ठरू शकते. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबा. ते आले की तुम्ही अर्ज करायला पात्र ठरू शकता, पण तेव्हाही एक गोष्ट लक्षात ठेवा: बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. नागरिकाला जी चूक तुरुंगापर्यंत नेईल, ती तुम्हाला तुरुंगातून थेट विमानात बसवू शकते.

बाकीच्या अटी झटपट सांगतो. दुकानातून घ्यायचा तर वय 21 पूर्ण हवे. मोठ्या गुन्ह्यात किंवा घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेली नसावी. गांजा तुमच्या राज्यात राजरोस विकला जात असला तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच आहे, आणि अर्जात त्याबद्दल थेट प्रश्न असतो.

राज्य कोणते?

42 राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर ठेवता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत व राजधानी वॉशिंग्टनमध्ये येत नाही. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा: एडिसन, बे एरिया, शिकागो. मराठी वस्ती जिथे दाट, नेमकी तीच ठिकाणे या यादीत. आज तुम्ही ऑस्टिनमध्ये असाल, पण दोन वर्षांत न्यू जर्सीला बदली होण्याची शक्यता असेल तर खरेदीचा विचार पुढे ढकला. तिथे सायलेन्सर घेऊन राहायला जाता येत नाही. तो विकावा लागतो किंवा दुसऱ्या राज्यातल्या कायदेशीर माणसाच्या नावे करून द्यावा लागतो, आणि त्यालाही पुन्हा तोच अर्ज, तीच मंजुरी. शिकारीत वापरायचा असेल तर राज्याचे शिकारीचे नियमही वेगळे वाचा. कनेटिकटमध्ये बाळगता येतो, शिकारीत वापरता येत नाही.

वस्तू निवडणे

पहिला सायलेन्सर .22 या काडतुसाचा घ्यावा, असे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. स्वस्त पडतो, हलका असतो, आणि आवाजातला फरक सर्वांत जास्त तिथेच जाणवतो. .22 च्या मंद गतीच्या काडतुसांबरोबर तो इतका शांत होतो की बंदुकीचा घोडा आपटल्याचे ऐकू येते. मात्र .22 ची गोळी उघड्या शिशाची असल्याने आत शिसे साचते. म्हणून उघडून साफ करता येणाराच घ्या. मोठ्या रायफलीचे सायलेन्सर बहुधा वेल्ड करून बंद केलेले असतात.

विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून दुकानात न्या: काडतुसाचा आकार, नळीची लांबी आणि नळीच्या टोकावरचे आटे. अमेरिकेत .22 आणि 5.56 ला साधारण अर्धा इंच व्यास आणि इंचाला 28 आटे असतात, .308 ला पाच-अष्टमांश इंच आणि 24 आटे. युरोपीय पिस्तुलांना बऱ्याचदा मिलिमीटरमधले, डाव्या फेऱ्याचे आटे येतात. नळीला आटेच नसतील तर ते आधी चांगल्या गनस्मिथकडून पाडून घ्या. मोठ्या आकाराच्या सायलेन्सरमधून लहान गोळी चालते, लहानातून मोठी कधीही नाही. निर्मात्याने नळीची किमान लांबी दिलेली असते, ती पाळा.

इंटरनेटवर तीस-चाळीस डॉलरला 'सॉल्व्हंट ट्रॅप' किंवा 'फ्युएल फिल्टर' या नावाने नळकांडी विकायला असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. सायलेन्सर म्हणून बनवलेली वस्तू नोंदणीशिवाय घरात सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. घरपोच आली म्हणून ती कायदेशीर ठरत नाही.

कोणाच्या नावावर?

स्वतःच्या नावावर घेतला तर कागद कमी, पण सायलेन्सर तुमच्या ताब्यातच राहिला पाहिजे. तुम्ही दौऱ्यावर गेलात आणि तिजोरीचा क्रमांक बायकोला माहीत असला, तर नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या ताब्यात तो गेला असा अर्थ निघू शकतो. नवरा-बायको दोघेही वापरणार असतील तर ट्रस्ट करावा आणि दोघांची नावे विश्वस्त म्हणून घालावीत. 2016 पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे, फोटो आणि वेगळा फॉर्म द्यावा लागतो. म्हणून सुरुवातीला सगळे गोत ट्रस्टमध्ये कोंबू नका. ट्रस्टच्या दस्तावर तुमच्या राज्यातल्या वकिलाची नजर एकदा फिरू द्या.

दुकान आणि अर्ज

सायलेन्सर विकण्यासाठी दुकानदाराकडे साध्या बंदूक-परवान्याखेरीज विशेष कर भरलेला दर्जा लागतो. बोलीभाषेत त्याला 'क्लास थ्री डीलर' म्हणतात. दुकान तुम्ही राहता त्याच राज्यातले हवे. दुसऱ्या राज्यातून मागवलेला माल आधी तुमच्या डीलरकडे येतो. किंमत भरा, पावती घ्या, त्यावरचा अनुक्रमांक सायलेन्सरवर कोरलेल्या अनुक्रमांकाशी स्वतः ताडून बघा.

मग येतो एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचा, फॉर्म 4. तो आता बहुतेक ऑनलाइनच भरला जातो. त्यासोबत दोन इंच बाय दोन इंचाचा, वर्षाच्या आतला फोटो लागतो आणि दहाही बोटांचे ठसे. अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या शेरीफला किंवा पोलिसप्रमुखाला पाठवायची असते. त्यांची परवानगी लागत नाही, त्यांना कळवणे पुरते. ठशांची फाइल स्कॅनरवर बनवून मिळाली तर उत्तम. शाईने द्यायचे असतील तर एफडी-258 ही कार्डे दोन भरावी लागतात. हात आधी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, शाईचा थर पातळ ठेवा, आणि बोट दाबू नका. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच वळणात लोळवा. रेषा काळ्या ठिपक्यात मिसळल्या तर कार्ड परत येते. ज्यांचे हात कामाने झिजलेले आहेत किंवा कोरडे पडतात त्यांनी आधी थोडे क्रीम चोळून नीट पुसून घ्यावे.

आता आपल्यापुरती खास गोष्ट: नाव. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. पासपोर्टावर ते पहिल्या नावाला जोडून आलेले, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसते आद्याक्षर, ग्रीन कार्डवर पूर्ण, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या कागदांवर माहेरचे आडनाव कुठे आहे, कुठे नाही. तपासणी एफबीआय नावाने आणि ठशांनी करते. कागदाकागदावर वेगळा माणूस दिसू लागला की अर्ज अडकतो. अर्ज करण्याआधी लायसन्सवरचे नाव आणि पत्ता ग्रीन कार्डाशी किंवा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. घर बदलून लायसन्सवर जुनाच पत्ता ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हे काम अर्जाआधीच उरका.

पूर्वी मंजुरीला आठ-दहा महिने सहज लागत. ऑनलाइन अर्जांमुळे हा काळ काही दिवसांपर्यंतही खाली आला, आणि अर्जांची गर्दी झाली की पुन्हा वाढतो. तोवर सायलेन्सर दुकानदाराकडेच राहतो. 'चार दिवस घरी नेतो' असे विनवू नका. मानणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडून काही घेऊच नका.

हातात आल्यावर

मंजुरी आली की दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा फॉर्म 4473 भरायचा. ग्रीन कार्डधारकांनी त्यात कार्डावरचा यूएससीआयएस क्रमांक लिहायचा असतो, कार्ड सोबत ठेवा. मंजूर फॉर्मच्या प्रती काढा: एक तिजोरीत, एक बंदुकीच्या पिशवीत, एक फोनमध्ये. रेंजवर कोणी अधिकाऱ्याने विचारले तर हाच तुमचा पुरावा.

पहिल्यांदा लावताना घाई नको. बंदूक रिकामी करा, मॅगझिन काढा, कक्षात डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. नळीच्या टोकावर चेपणारा वॉशर असेल तर काढून टाका, तो सायलेन्सरला तिरपा बसवतो. आटे पुसा. सायलेन्सर हातानेच फिरवत न्या. तो नळीच्या खांद्यावर सपाट टेकला पाहिजे, मध्ये कागदाइतकीही फट नको. मग अलाइनमेंट रॉड, म्हणजे त्या आकाराची सरळ पोलादी कांब, सायलेन्सरच्या तोंडातून नळीत सरकवा आणि समोरून बघा. कांबेभोवतीची मोकळी जागा सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला टेकत असेल तर गोळी झाडू नका. आतल्या पडद्याला गोळी लागली की सायलेन्सर फुटतो आणि आजूबाजूच्यांना इजा होऊ शकते. प्रत्येक मॅगझिननंतर तो सैल झाला का ते बघा, पण जाड हातमोजा घालूनच. वीस-तीस गोळ्यांत तो चटका बसण्याइतका तापतो.

ही वस्तू मित्राला उसनी देता येत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर, रेंजवर, बंदूक वापरायला पात्र असलेल्या माणसाने चालवली तर ठीक. तुमच्या पश्चात वारसाच्या नावे वेगळ्या फॉर्मवर नोंदणी होते, म्हणून घरच्यांना कागद कुठे आहेत ते सांगून ठेवा. आणि सुट्टीला भारतात जाताना तो सामानात टाकण्याचा विचारही करू नका. अमेरिकेतून परवान्याशिवाय तो बाहेर नेणे गुन्हा आहे, आणि भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीचा आवाज कमी करणारे साधन 'बंदूक' या व्याख्येतच मोडते.