फासा सगळ्यांसमोर टाकायचा की पडद्याआड?



घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ हे नाव तुमच्या कानावर आलं असेलच. २०१६ साली आलेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात एक खेळ खेळत बसलेली असतात. काळ १९८३ चा, अमेरिकेतलं छोटं गाव. विल नावाचा मुलगा राक्षसावर आगीचा गोळा टाकतो. तो लागायला फाशांवर तेरा किंवा जास्त हवेत. फासे टेबलावरून घरंगळतात, तेवढ्यात आई येऊन खेळ थांबवते. सापडलेल्या फाशावर असतात सात! खेळ चालवणाऱ्या माइकने ते पाहिलेलं नसतं, म्हणून दुसरा मित्र म्हणतो, मग ते धरायचंच नाही. पण घरी निघताना विल स्वतःहून माइकला सांगतो की सात पडले होते, राक्षसाने मला गाठलं.

फासा कुणी पाहिला नाही तर तो पडला म्हणायचा की नाही? या खेळातला हा फार जुना वाद आहे आणि मला वाटतं, तो आपल्याही कामाचा आहे.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. काय करायचं ते पात्र ठरवतं, जमलं की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षसांचे फासे मास्टर टाकतो. पुष्कळ मास्टर समोर पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा करतात. नकाशा, टिपणं आणि फासे, सगळं त्याच्याआड.

आता बघा. मुलीने संध्याकाळभर बसून एक जादूगार तयार केलाय. पहिली पातळी, जीव फक्त ७ गुणांचा. गॉब्लिनने तलवार उगारली आणि मास्टरच्या फाशावर पडले २०. याची शक्यता वीसात एक. २०१४ च्या नियमांप्रमाणे अशा वेळी दुप्पट फासे, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक २. (सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. ३६ जोड्यांपैकी ३० जोड्यांत जादूगार कोसळतो.) कोसळला म्हणजे लगेच मेला असं नाही, पण मरणाच्या दारात उभा राहिला. पडद्यामागचा २० फक्त मास्टरला दिसलाय. तो हळूच म्हणतो, “वार चुकला!”

मास्टरसाठी लिहिलेलं त्याच वर्षीचं अधिकृत पुस्तक याला मोकळीक देतं. पडद्याआड टाकलं की निकाल बदलता येतो, फक्त हे वारंवार करू नका आणि कळू देऊ नका. नाहीतर खेळाडूंना वाटेल की खरा धोका नाहीच, किंवा मास्टर कुणाची तरी बाजू घेतोय. बाजू घेण्याची शंका काय करते हे कुठल्याही वर्गशिक्षकाला सांगायला नको. माझा आक्षेप त्या ‘कळू देऊ नका’ला आहे. चार जण वाचले आणि पाचवा मेला, तर तो पाचवा काय समजेल?

पण म्हणून पडदाच वाईट, असंही नाही. समजा पात्र बोळात सापळा शोधतंय. खेळाडूने सगळ्यांसमोर फासा टाकला, २ पडले आणि मास्टर म्हणाला, “काही दिसत नाही.” कोण पुढे जाईल? पात्राला कळू नये ते खेळाडूला कळून बसलं. म्हणून पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत अशा काही गोष्टींसाठी मास्टरने गुपचूप फासा टाकावा, असा नियमच आहे. इथे आकडा झाकलाय, बदललेला नाही. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका कपाटात ठेवणं वेगळं आणि परीक्षेनंतर गुण खोडणं वेगळं. वाद घालणारे बरेचदा या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घालतात.

लहानांचं काय? सापशिडीत पाच वर्षांच्या मुलासमोर आजोबा फासा हळूच बोटाने फिरवतात, त्याला मी काही म्हणणार नाही. पण माझ्या वर्गातल्या दुसरीच्या मुलांना ते बोट दिसतं. आणि एकदा दिसलं की खरोखर जिंकलेला डावही त्यांना खोटा वाटायला लागतो.

मुलीचा जादूगार वाचवायचाच असेल तर फाशाला हात न लावता वाचवता येतो. जवळून केलेल्या वाराने कोसळलेल्याला ठार न करता बेशुद्ध करायची मुभा नियमात आहे. गॉब्लिनने त्याला बांधून गुहेत नेलं की बाकीच्यांना सोडवायला जावंच लागतं! लढाई फारच जड जात असेल तर मास्टरने सरळ सांगावं, “गॉब्लिन जरा जास्तच झाले, दोन पळाले असं धरू.” २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ या संगणकावरच्या खेळातही सलग अपयश टाळणाऱ्या फाशांची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये उघड दिसते आणि बंदही करता येते.

सुट्टीत घरी किंवा वर्गात खेळून बघणार असाल तर लढाईचे फासे सगळ्यांसमोर टाका. सापळ्याचा फासा झाकून टाका, पण आकडा चिठ्ठीवर लिहून वाटीखाली ठेवा आणि खेळ संपल्यावर मुलांनाच वाटी उचलू द्या. वीस बाजूंचा फासा नसेल तर डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या चालतील. काढलेली चिठ्ठी दरवेळी परत टाकायची, नाहीतर पुढच्याची शक्यता बदलते. ती का बदलते, हे मात्र मुलांना आधी सांगू नका.