धक्का थांबल्यावर

उर्दूत आपण ज्याला 'जलजला' म्हणतो, त्यालाच मराठीत 'भूकंप' म्हणतात. भू म्हणजे जमीन आणि कंप म्हणजे थरथर.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने हादरली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती दगड-मातीच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. लोक झोपेत असतानाच ही घरे कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही कित्येक दिवस तेथे लहान धक्के बसत राहिले.

मोठ्या भूकंपानंतर बसणाऱ्या अशा धक्क्यांना 'पश्चात-धक्के' म्हणतात. ते बहुधा पहिल्या धक्क्यापेक्षा लहान असतात. पण खिळखिळी झालेली भिंत पाडायला लहान धक्काही पुरतो. म्हणून जमीन थांबली की धोका संपला, असे समजू नका.

मग काय करावे? प्रथम पायांत चपला घाला, कारण जमिनीवर काचा पडलेल्या असतात. घरातील लहान मुले व वृद्ध यांना घेऊन मोकळ्या जागेत जा. लिफ्ट वापरू नका. भिंती, विजेचे खांब व तारा यांपासून दूर उभे राहा.

घराला बाहेरून नीट पाहा. भिंत कलली आहे का? कोपरे सुटले आहेत का? भिंतीला आरपार तडा गेला आहे का? तसे असेल तर दागिने, पैसे किंवा दप्तर आणण्यासाठीही आत जाऊ नका. वस्तू पुन्हा मिळतील, जीव पुन्हा मिळणार नाही. जाणकाराने घर तपासल्यावरच आत जा.

घर शाबूत असले तरी आत शिरताना गॅसचा वास येतो का ते पाहा. वास आल्यास काडी ओढू नका. विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. लगेच बाहेर या व मोठ्यांना सांगा. अंधारात मेणबत्तीऐवजी विजेरी वापरा. कपाट हळू उघडा. आतील सामान अंगावर पडू शकते. पिण्याचे पाणी उकळून घ्या.

अशा वेळी अफवा फार पसरतात. 'आज रात्री बारा वाजता पुन्हा भूकंप होणार,' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगता येत नाही. रेडिओवरील सरकारी सूचना ऐका. मदत हवी असल्यास ११२ या क्रमांकावर फोन करा.

आणि शेजाऱ्यांची विचारपूस करायला विसरू नका. संकटात शेजारी हाच पहिला मदतनीस असतो.

शब्दार्थ : माळवद – मातीचे सपाट छप्पर, खिळखिळी – सैल, कमकुवत, शाबूत – न मोडलेले, विजेरी – टॉर्च, अफवा – खोटी बातमी.

स्वाध्याय
१. पश्चात-धक्के म्हणजे काय? ते धोक्याचे का असतात?
२. गॅसचा वास आल्यास काय करू नये?
३. आपल्या घराजवळची मोकळी जागा कोणती, ते अम्मी-अब्बांना विचारून पाच ओळी लिहा.